‘पांढरं जातं’ म्हणजे नेमकं काय जातं?

डॉक्टरताईंना विचारा

इंदूरला रामबागेतल्या माझ्या दवाखान्यात ही तक्रार नेहमी शेवटी येते. बाई पाठदुखीचं सांगते, पाळीचं सांगते, मुलीच्या लग्नाचंही सांगते. मग उठते, पडद्याला हात लावते आणि वळून म्हणते, “आणखी एक होतं, अंगावरून पांढरं जातं.” हिंदी बोलणाऱ्या बायका ‘सफेद पानी’ म्हणतात, पण तेही पडद्यापाशीच. मी म्हणते, बसा परत. कसं जातं? पाण्यासारखं की दह्यासारखं? वास आहे का, खाज आहे का, पाळीच्या आधी की नंतर? बहुतेक वेळा उत्तर येतं, “तसं काही बघितलं नाही हो.”

या महिन्यात आलेल्या पत्रांत मात्र तुम्ही बघून लिहिलंय, याचा मला फार आनंद झाला. चार पत्रांना सविस्तर उत्तर देते. गावाचा भाग तेवढा ठेवला आहे, नावं काढली आहेत.

प्रश्न : डॉक्टरताई, स. न. वि. वि. वय ४७, राहणार लोकमान्यनगर. गेल्या आठ महिन्यांत चार वेळा अंगावरून पांढरं गेलं. फाटलेल्या दुधाच्या चोथ्यासारखं असतं आणि खाज इतकी, की रात्री उठून पाणी मारावं लागतं. वास नाही. पहिल्या वेळी मेडिकलवाल्याने एक गोळी दिली, दोन-तीन दिवसांत आराम पडला. आता मीच जाऊन तीच गोळी मागते. मागच्या वेळी त्याने एक ट्यूबही दिली, ती लावली की तासभर बरं वाटतं. शुगर सहा वर्षांपासून आहे. दिवाळीनंतर डॉक्टरांनी एक गोळी बदलली, तेव्हापासून ती बरीच कंट्रोलमध्ये आहे, वजनही तीन किलो उतरलंय. रविवारच्या पोह्यांबरोबरची जिलबीसुद्धा सोडली. मिस्टर म्हणतात, शाळेतलं टॉयलेट वापरतेस म्हणून होतं. मी शिक्षिका आहे, सकाळी सात ते दोन शाळेत असते. न वापरून कसं चालेल?

उत्तर : ताई, शाळेचं टॉयलेट वापरा. हा त्रास टॉयलेटच्या भांड्यावरून येत नाही, आणि सात तास लघवी धरून ठेवलीत तर मूत्रमार्गाचा दुसराच त्रास मागे लागेल.

तुमच्या पत्रात सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय : दिवाळीनंतर गोळी बदलली, वजन उतरलं आणि त्याच आठ महिन्यांत हे चार वेळा झालं. घरी जाऊन त्या गोळीची पट्टी उलटी करा आणि मागचं बारीक अक्षरातलं नाव वाचा. नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ आहे का? डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन ही एकाच घराण्यातली औषधं आहेत. रक्तातली जास्तीची साखर मूत्रपिंडाकडून लघवीवाटे बाहेर टाकायची, हेच त्यांचं काम. दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम साखर अशी बाहेर पडते. चहाचे चमचे मोजलेत तर बारा-पंधरा होतील. शुगर उतरते आणि वजन थोडं कमी होतं ते यामुळेच. पण ती गोड लघवी ज्या वाटेने जाते, तिथल्या त्वचेवर तिचा अंश राहतो, आणि बुरशीला तेच हवं असतं.

तुम्हाला होतंय तो वर्णनावरून बुरशीचा म्हणजे कॅन्डिडाचा संसर्ग वाटतो. चोथ्यासारखा घट्ट स्राव, भयंकर खाज, त्वचेला लघवीचा स्पर्श झाला की चरचर आणि वास जवळजवळ नाही, असं त्याचं रूप असतं. ही बुरशी कितीतरी निरोगी बायकांच्या अंगात काही न करता पडून असते. तिला आवरून धरतात ते योनिमार्गातले चांगले जिवाणू, लॅक्टोबॅसिलस. दही लावणाऱ्या जिवाणूंच्या गोतातलेच ते. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात, म्हणून निरोगी योनिमार्ग दह्यासारखा आंबट असतो. त्याचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, ३.८ ते ४.५ च्या मध्ये राहतो; आकडा जितका कमी तितकं आंबट. (गोत एक म्हणून कुणी तिथे दही लावू नये. तसं करून आलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. घरच्या दह्यात इतरही बरंच काही असतं.) अँटिबायोटिक घेतल्यावर हे जिवाणू मरतात, गरोदरपणात संप्रेरकं बदलतात, मधुमेहात साखर वाढते, आणि बुरशी उचल खाते.

आता करायचं काय? पहिली गोष्ट, ती गोळी स्वतःहून बंद करू नका. हे मी ठासून लिहितेय, कारण हे वाचून पाच-दहा जणी तरी उद्या सकाळी पट्टी बाजूला ठेवतील. या औषधांचा हृदयाला आणि मूत्रपिंडाला मोठा फायदा आहे आणि तुमच्या डॉक्टरांनी ती विचार करूनच दिली असणार. त्यांना एवढंच सांगा की आठ महिन्यांत चार वेळा असं झालंय. ते मात्रा बदलतील, दुसरं औषध देतील किंवा तेच चालू ठेवून बुरशीचा बंदोबस्त करतील. तीन महिन्यांच्या सरासरीची शुगर, म्हणजे एचबीएवनसी, पुन्हा करून घ्या. लघवीनंतर साध्या पाण्याने बाहेरून धुवा आणि मऊ कपड्याने टिपून कोरडं करा. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. शाळेत पर्समध्ये दोन सुती रुमाल ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तेव्हा आतले कपडे इस्त्री फिरवून घाला. आणि कधी त्या भागात फार दुखलं, सूज आली, लाली पसरत गेली, ताप भरला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. क्वचित होतं, पण ते थांबायचं दुखणं नाही.

दुसरी गोष्ट त्या एका गोळीची. मेडिकलवाल्याने दिलेली ती १५० मिलिग्रॅमची फ्लुकोनाझोल असणार. एखाद्या वेळच्या बुरशीला ती पुरते. वर्षात तीन-चारदा होत असेल तर नाही. मग तीन-तीन दिवसांच्या अंतराने तीन गोळ्या आणि पुढे सहा महिने आठवड्याला एक, अशी रीत असते. पण ती तपासल्यावर आणि डॉक्टरांच्या नजरेखाली. का, ते सांगते. तुम्ही शुगरसाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळीही घेत असाल तर फ्लुकोनाझोलमुळे तिचा असर वाढतो आणि शुगर एकदम खाली येऊ शकते. वर्गात फळ्यापाशी उभं असताना घाम फुटणं, हातपाय थरथरणं असं या गोळीच्या दिवसांत कधी झालंय का, आठवून बघा. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांशीही तिचं जमत नाही. मेडिकलवाला हे विचारत नाही, कारण तुमची फाइल त्याच्यापुढे नसते.

शिवाय बुरशीत जाती आहेत. ग्लाब्राटा नावाची एक जात या गोळीला फारशी दाद देत नाही. म्हणून वारंवार होत असेल तर स्राव कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून तिची जात ओळखायला, पाठवावा लागतो.

आणि ती ट्यूब. तासभर बरं वाटतं म्हणालात ना, ते स्टेरॉइडमुळे. आपल्याकडे बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि कडक स्टेरॉइड एकाच ट्यूबमध्ये कोंबलेली मलमं सर्रास मिळतात. खाज दबते आणि बुरशी आत राहून वाढते, त्वचा मात्र पातळ होत जाते. तिच्या खोक्यावर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलं असेल तर ती बंद करा.

मिस्टरांना खाज किंवा पुरळ नसेल तर त्यांना औषध लागत नाही. असेल तर त्यांनाही दाखवायला सांगा, टॉयलेटची चर्चा नंतर.

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. वय २७, वैशालीनगर. लग्नाला दीड वर्ष झालं. पातळ, राखाडीसर असं काहीतरी जातं, खाज नाही, पण वास येतो. संबंधानंतर तर फारच. आमच्या घरी मासे कधी आले नाहीत, पण लहानपणी रत्नागिरीला आत्याकडे जायचो तेव्हा बाजारात यायचा तसाच वास. मला इतकी लाज वाटते की मी दिवसातून तीनदा टॉयलेटच्या जेटने आतपर्यंत धुते, कधी पाण्यात जंतुनाशकाचं टोपणही टाकते. पाच-सहा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी आठवडाभर गोळ्या दिल्या तेव्हा गेलं होतं, दोन महिन्यांत परत आलं. नवरा काही बोलत नाही, पण मी त्याच्यापासून लांबच राहते. मी अस्वच्छ आहे का?

उत्तर : नाही गं बाळ. तू गरजेपेक्षा जास्त धुतेयस, आणि गोंधळ तिथेच आहे.

तू लिहिलेलं वर्णन ‘बॅक्टेरियल व्हजायनोसिस’चं आहे. बाहेरून आलेल्या एकाच जंतूमुळे हे होत नाही. मघाशी सांगितलेले ते दह्याच्या गोतातले जिवाणू कमी होतात आणि त्यांच्या जागी इतर जिवाणूंची गर्दी होते. आंबटपणा उतरतो, पीएच ४.५ च्या वर जातो. हे इतर जिवाणू जी द्रव्यं सोडतात त्यांना मासळीसारखा वास असतो. क्षाराचा स्पर्श झाला की तो वास एकदम उडून वर येतो. पुरुषाचं वीर्य क्षारयुक्त असतं, म्हणून संबंधानंतर वास वाढतो. पाळीच्या दिवसांतही तेच, कारण रक्तही क्षाराच्या बाजूचं. दवाखान्यात आम्ही नेमकं हेच करून बघतो. काचपट्टीवर थोडा स्राव घेतो, त्यावर क्षाराचा एक थेंब टाकतो आणि वास घेतो.

मग तीच पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली. पहिल्यांदा शिकताना मला बाईंनी जे दाखवलं ते मी कधी विसरले नाही. एरवी योनिमार्गाच्या पेशी स्वच्छ, कडा नीट दिसणाऱ्या असतात. या त्रासात त्यांच्यावर बारीक जिवाणू इतके चिकटलेले असतात की कडाच दिसत नाही. अनारशाला खसखस लागते ना, तश्शी ती पेशी दिसते. ती दिसली की निदान जवळजवळ पक्कं.

आता जेट. आपल्या घराघरांत आलेली ही सोय बाहेरून धुवायला उत्तम, पण तिचा मारा आत करायचा नाही. आत धुतलंस की चांगले जिवाणू वाहून जातात आणि जंतुनाशकाने उरलेसुरले मरतात. वास वाढतो, तू आणखी धुतेस. योनिमार्ग स्वतःला आतून स्वच्छ ठेवतो, जो स्राव जातो तो त्याच कामाचा भाग आहे. बाहेरून साधं पाणी, बस. सुगंधी वॉश, पावडर, वाइप्स काही नको.

उपचार म्हणजे मेट्रोनिडाझोल, सात दिवस, दोन वेळा. तोंडाला धातूसारखी चव येते, जेवण गोड लागत नाही, पण चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही. तुला बहुधा हेच दिलं होतं. मग परत का आलं? हा प्रश्न आम्हा डॉक्टरांनाही कित्येक वर्षं छळत होता. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १६४ जोडप्यांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्या जोडप्यांत फक्त बाईला औषध दिलं. उरलेल्यांत नवऱ्यालाही त्याच आठवड्यात गोळ्या आणि लावायचं मलम दिलं. बारा आठवड्यांत फक्त बायकांना औषध दिलेल्या गटात ६३ टक्के जणींना हा त्रास परत झाला, दोघांना औषध दिलेल्या गटात ३५ टक्के जणींना. म्हणजे हे जिवाणू नवऱ्याकडूनही परत येत असावेत. मी माझी पद्धत यानंतर बदलली. पहिल्या उपचारानंतर परत आलेल्या बाईला मी आता नवऱ्यालाच घेऊन ये म्हणते. तूही त्याला घेऊन डॉक्टरांकडे जा. तो गप्प आहे, याचा अर्थ तू मनाशी काहीबाही लावू नकोस. बऱ्याचदा पुरुषाला काय विचारावं तेच कळत नाही.

दोन गोष्टी मात्र तपासून घ्यायलाच हव्यात. स्राव पिवळा-हिरवा, फेसाळ असेल आणि आग होत असेल तर तो ट्रायकोमोनास नावाचा सूक्ष्म परजीवी असू शकतो. तो संबंधातून येतो आणि नवरा-बायको दोघांनी एकदम औषध घेतल्याशिवाय जात नाही. ताज्या स्रावात तो जीव वळवळताना दिसतो, पट्टी गार पडली की थांबतो आणि निसटतो. म्हणून थंडीत स्लाइड लगेच बघावी लागते. आणि ओटीपोटात दुखणं, ताप, संबंधानंतर रक्त, असं काही असेल तर क्लॅमिडिया आणि गोनोरिया या संबंधातूनच येणाऱ्या संसर्गांची तपासणी सांग. हे दोन्ही बऱ्याचदा गुपचूप राहतात आणि गर्भनलिकांचं नुकसान करतात. पुढे मूल हवं असेल तर हे हयगयीने सोडण्यासारखं नाही. पैशाची अडचण असेल तर मोठ्या सरकारी रुग्णालयात ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं, तिथे सल्ला आणि औषधं मोफत मिळतात.

प्रश्न : डॉक्टरताई, माझी मुलगी ११ वर्षांची आहे, सहावीत. अजून पाळी आलेली नाही. दोन महिन्यांपासून तिच्या निकरवर पांढरट, वाळल्यावर पिवळसर डाग दिसतात. खाज नाही, वास नाही, खेळते-खाते. सासूबाई म्हणतात, पोरीच्या अंगातून शक्ती जातेय, हाडं झिजतील, मलाही असंच जायचं आणि जन्मभर कंबर दुखली. त्यांनी तिला कसलंसं चूर्ण सुरू केलंय. थांबवू का?

उत्तर : चूर्ण थांबवा. मुलीला काहीही झालेलं नाही, ती मोठी होतेय. पहिली पाळी येण्याआधी साधारण सहा महिने ते वर्षभर असा स्राव सुरू होतो. शरीरात इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक वाढायला लागलं, त्याची ही वर्दी आहे. पुढे पाळी लागली की महिन्यातून रूपही बदलत जाईल. अंडं सुटण्याच्या दिवसांत अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा, दोन बोटांत धरला तर तार येणारा. पाळीच्या आधी दाट आणि दुधाळ. त्यात पाणी, श्लेष्मा, झडलेल्या पेशी आणि तेच चांगले जिवाणू असतात, हाडांतलं काही नाही. हे तिला आजच सांगा, पाळीबद्दलही सांगा, शाळेच्या दप्तरात एक पॅड आणि जादा निकर ठेवा. नाही तर डाग बघून पोरगी मनात काय काय घेऊन बसते, हे मला मोठ्या झालेल्या बायका पंचवीस वर्षांनी सांगतात.

रात्री गुदद्वाराशी खाज येत असेल तर जंत बघा. स्राव हिरवा, दुर्गंधी किंवा रक्ताळलेला असेल तर लगेच दाखवा. लहान मुलींत कधी मणी किंवा कागदाचा बोळा आत गेलेला असतो. कधी कुणी मुलीला त्रास दिलेला असतो. तेव्हा तिला एकटीला जवळ घेऊन, न रागावता विचारायचं आणि ती सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा.

तिचं वय एचपीव्ही लसीसाठी अगदी योग्य आहे, ९ ते १४. गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाला कारण असणाऱ्या विषाणूपासून ही लस वाचवते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली आपल्या देशातली लसही २०२३ पासून आली आहे. तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा.

आणि सासूबाईंना हसू नका, त्यांना माझ्याकडे नाही तर कुणाकडे तरी घेऊन जा. ‘मलाही जायचं, जन्मभर कंबर दुखली’ म्हणणाऱ्या बाईला तिच्या तरुणपणी कुणी तपासलं होतं का? डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, ती १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग निघाला. त्याआधी कधी तपासणी आणि उपचार मिळाले होते ते फक्त ८ टक्क्यांना. म्हणजे तक्रार खरी होती, पण तिला हाडं झिजण्याची गोष्ट जोडली गेली, कारण खरं कारण सांगायला कुणी नव्हतंच. पुढे गोव्यात झालेल्या अभ्यासात असंही दिसलं, की या तक्रारीमागे पुष्कळदा संसर्ग नसतो, मनावरचा ताण आणि थकवा असतो. सासूबाईंचं हिमोग्लोबिन बघा, ड जीवनसत्त्व बघा, आणि जरा वेळ काढून त्यांचं म्हणणं ऐका. ‘पांढरं जातं’ याच शब्दांत दुसरंच काही सांगणाऱ्या खूप बाया मला भेटल्या आहेत.

थोडक्यात : सातव्या महिन्यातल्या वाचक, गरोदरपणात पांढरट स्राव वाढतो, त्याची काळजी नको. पण पाण्यासारखं सतत झिरपून पॅड ओलं होत असेल तर ते गर्भजल असू शकतं. उत्तराची वाट बघू नका, लगेच जा. बुरशी झाली तरी त्या काळात तोंडाने फ्लुकोनाझोल घ्यायची नाही, आत ठेवायच्या गोळ्या मिळतात. आणि तांबी बसवलेल्या ताई, तांबीमुळे स्राव थोडा वाढतो. दुर्गंधी, ताप किंवा ओटीपोटात दुखणं नसेल तर ती काढायची घाई नको.

प्रश्न : डॉक्टरबाई, नमस्कार. वय ६१. पाळी जाऊन नऊ वर्षं झाली. तीन आठवड्यांपासून कधी पाण्यासारखं, कधी गुलाबी-तपकिरी असं थोडंसं जातं. दुखत नाही. खाली कोरडं आणि आग मात्र होते. मुलगा बंगलोरला, मुलगी पुण्याला, त्यांना कशाला घाबरवायचं म्हणून बोलले नाही. या वयात तपासून घ्यायची लाज वाटते. बाळंतपणानंतर कधी तशी तपासणी झालीच नाही. पोटात घ्यायचं एखादं औषध सुचवलंत तर उपकार होतील.

उत्तर : ताई, औषध सुचवणार नाही. या आठवड्यात तपासून घ्या.

पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डागसुद्धा, गुलाबी असो की तपकिरी, तपासल्याशिवाय सोडायचा नसतो. बहुतेक जणींत कारण साधं निघतं. इस्ट्रोजेन कमी झाल्याने योनिमार्गाची त्वचा कागदासारखी पातळ होते, आग होते, स्राव पातळ येतो, कधी रक्तही. त्यावर इस्ट्रिऑलचं मलम थोड्या आठवड्यांत चांगला गुण देतं, आणि तुम्ही लिहिलेलं कोरडेपण बघता तेच असण्याची शक्यता मोठी. पण अशा साधारण दहा जणींमागे एकीत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघतो. तो लवकर सापडला तर बहुतेकदा पूर्ण बरा होतो. सोनोग्राफीत अस्तराची जाडी बघतात. ४ मिलिमीटर किंवा कमी असेल तर पुष्कळ निश्चिंती, जास्त असेल तर बारीक नळीने अस्तराचा तुकडा घेऊन तपासतात. गर्भाशयाचं तोंडही बघावं लागतं.

मी एवढी का आग्रहाने सांगते, ते लिहिते. मी शिकत असताना एका मोठ्या रुग्णालयाच्या ओपीडीत निमाडकडच्या खेड्यातून एक बाई आली. पन्नाशीची, हातात हिरव्या बांगड्या. वास असलेलं, पाण्यासारखं जातंय म्हणाली. बाहेर दीडशे बायकांची रांग, तपासायचं टेबल एकच. मी तिला टेबलावर घेतलं नाही, गोळ्या लिहून दिल्या. महिन्याने परत आली, पुन्हा गोळ्या. तिसऱ्या वेळी आमच्या बाईंनी तिला तपासलं आणि मला आत बोलावलं. स्पेक्युलम लावलेला होता. गर्भाशयाच्या तोंडाच्या जागी फुलकोबीसारखी गाठ, कापसाने शिवलं तरी रक्त. बाई मला काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त तिच्या आधीच्या दोन चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या. दोन्हींवर माझं अक्षर होतं. त्या दिवसापासून मी न बघता स्रावावर औषध दिलेलं नाही, आणि तुम्हाला तर पत्रावरून मुळीच देणार नाही.

तपासणीची धास्ती वाटते ना, म्हणून काय होतं ते सांगते. आधी लघवी करून येतात. गुडघे दुमडून पाठीवर झोपायचं, अंगावर चादर असते. बदकाच्या चोचीसारखं एक साधन असतं, स्पेक्युलम, ते आत ठेवून थोडं उघडतात आणि दिव्याने बघतात. लहान आकाराचं असतं, तुम्ही मागा. जेल लावायला सांगा. तोंडाने हळू श्वास सोडत राहिलात तर स्नायू सैल पडतात. आवश्यक तो स्राव मऊ ब्रशने घेतात. सगळं मिळून पाच मिनिटं. दुखलं तर ‘थांबा’ म्हणायचा हक्क तुमचा आहे आणि चांगला डॉक्टर थांबतो. बाई डॉक्टरच हव्यात असं सांगितलंत तरी त्यात काही गैर नाही. एम. टी. एच. किंवा एम. वाय. या आपल्या सरकारी हॉस्पिटलांच्या स्त्रीरोग विभागातही हे होतं. सोबत शेजारची मैत्रीण न्या. आणि मुलीला आजच फोन करा. तुम्ही लपवलंत हे तिला नंतर कळलं तर ती जास्त घाबरेल.

जायच्या आधी दोन दिवस आत काही मलम लावू नका, धुऊ नका. आणि तो डाग पडलेला कपडा टाकू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तसाच घेऊन जा. रंग शब्दांत सांगण्यापेक्षा दाखवलेला बरा.